नवीन गाणी ऐकून लिखाण सुटतं का? सुटतं, खरं चाल धरायला पाहिजे

निपाणीहून एका मुलीनं विचारलंय. "बाई, मी कथा लिहिते, आठ महिने झाले एक पान पुढं सरकेना. कथा माझ्या आज्जीवर आहे, ती जन्मभर बिड्या वळत आली. मैत्रीण म्हणते नवीन नवीन गाणी ऐक, नवीन गीतकार शोध, आपोआप सुचतंय बघ. असं खरंच होतं का की नुसता टाइमपास? आणि ऐकायचं तर काय ऐकायचं, कसं ऐकायचं?"

होतं. खरं आपोआप होत नाही. (पुण्या-मुंबईचं कोण वाचत असेल तर, आमच्या इकडं 'खरं' म्हणजे 'पण', गोंधळू नका.) मी बेळगावात मराठी शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यातच कथा लिहायला लागले त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली, शिवाय गल्लीतल्या भजनी मंडळाला, शाळेच्या गॅदरिंगला, गणपतीच्या देखाव्याला, जो कोण दारात येईल त्याला गाणी लिहून दिलीत, त्यातली निम्मी आता मलाच ऐकवत नाहीत. त्यामुळं ह्या विषयावर बोलायला तोंड आहे असं समजून सांगते. इअरफोन घालून वही उघडून बसायचं आणि गाणं काहीतरी आणून देईल म्हणून वाट बघायची, ह्यानं फक्त चहा जास्त होतो. मूड येतो, मूड ही काय मोठी गोष्ट नाही, तो गाणं संपलं की जातो. टिकतं ते वेगळंच, आणि ते काय ते मला कळायला एक कोंबडी लागली.

माझं माहेर चंदगडकडचं. कानडीचा गंध नाही. लग्न होऊन बेळगावच्या वडगावात आले ते 1991 साल, दिवसभर मागांचा खटाक-खटाक आवाज, आणि भिंतीला भिंत लागून एक कानडी घर. तिथल्या अक्काकडं टेपरेकॉर्डर होता. आमच्या घरातही दोन माग होते आणि मी काही वर्षांनी त्यावर कथा लिहायला घेतली, कर्ज, सुताचे भाव, सासऱ्यांचा दमा, सगळं खरं, सगळं डोळ्यांनी बघितलेलं, आणि कथा मेलेली. 'विणकराची व्यथा' म्हणून पेपरात रविवारी येतं ना, तसली. चार वेळा लिहिली, चार वेळा फाडली.

तेव्हा पलीकडून एक कॅसेट रोज वाजायची. त्यातली एक ओळ कानात अडकली, "कोडगन कोळी नुंगित्ता, नोडव्व तंगी". नुंगित्ता म्हणजे गिळलं, एवढं शाळेतल्या पोरांकडून कळलं. कोळी म्हणजे मला आपला मराठी कोळी वाटला, जाळं विणणारा. कोळ्यानं कुणाला तरी गिळलंय! मागाच्या घरात बसून मी ते ऐकत होते, वर कोपऱ्यात जाळं, समोर सूत, आणि हे गाणं. पंधरा दिवस त्या कोळ्यानं माझी झोप घालवली. शेवटी अक्काला विचारलं तर ती पोट धरून हसायला लागली. अगं कोळी म्हणजे कोंबडी, आणि कोडग म्हणजे माकड. कोंबडीनं माकड गिळलं, बघ गं बहिणी, असं आहे ते.

गाणं शिशुनाळ शरीफांचं. हावेरी जिल्ह्यातल्या शिगगाव तालुक्यातलं शिशुविनहाळ हे त्यांचं गाव, 1819 ते 1889 हा काळ, मुसलमान घरातला माणूस आणि गुरू गोविंदभट्ट नावाचे ब्राह्मण. त्यांच्या पदांना तिकडं तत्त्वपदं म्हणतात, आणि सी. अश्वथ यांनी चाली लावून ती घरोघरी पोचवली. अक्कानं मग पुढचं पण समजावलं, शेळीनं हत्ती गिळला, भिंतीनं चुना गिळला, उखळानं मुसळ गिळलं, जात्यानं खुंटा गिळला, नाचायला आलेल्या बाईला मृदंगानंच गिळलं. मी तिथंच उठले. साहित्यानं माणूस गिळला! नाचणारीला तिच्याच मृदंगानं. घरी येऊन लिहिलं, "आमच्या घरात मागानं माणसं गिळली, सुरुवात सासऱ्यांपासून झाली." आणि ती कथा तीन दिवसांत झाली.

आता नीट बघ, गाण्यानं मला काय दिलं. विषय दिला नाही, विषय माझाच होता. भावना पण दिली नाही. दिलं एवढंच की अशक्य गोष्ट सरळ चेहऱ्यानं सांगायची, एकामागं एक सांगत सुटायचं, मध्ये थांबून अर्थ समजावत बसायचं नाही, आणि ती कुणाला सांगायची तर धाकट्या बहिणीला, "नोडव्व तंगी", म्हणजे परड्यात उभं राहून गल्लीतली बातमी सांगावी तशी. माझी फाडलेली कथा वाचकांना उद्देशून होती. नवी कथा मी चंदगडच्या धाकट्या बहिणीला सांगत होते. एवढा एकच फरक, खरं तिथंच सगळं सुटलं.

आणि गंमत ऐक. ही चीज आपल्या मराठीत नव्हती होय? मुक्ताबाईंचा "मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी" मी चौथीपासून म्हणत आले होते. त्यात तर माशी विते आणि घार होते, आणि शेवटी हे सगळं बघून मुक्ताई हसते. तेच गिळणं, तोच सरळ चेहरा. खरं ते इतकं पाठ होतं की ऐकूच येत नव्हतं. आपल्या भाषेतलं ओळखीचं गाणं लागलं की कान पहिल्या शब्दाबरोबर अर्थावर उडी मारतोय आणि बाकी काही ऐकत नाही. अर्धवट कळणाऱ्या भाषेत अर्थ हाताला लागत नाही, मग कान नाइलाजानं बाकीचं ऐकतो, ओळ कुठं मोडली, कुठला शब्द परत आला, श्वास कुठं घेतला, कोण कुणाशी बोलूलालंय. कोंबडीकडून मी मुंगीकडं परत आले. तुझ्या मैत्रिणीच्या 'नवीन गाणी ऐक' मध्ये जे तथ्य आहे ते एवढंच आहे माझ्या मते, नव्या गाण्यानं आपलं जुनं परत ऐकू येतं.

ह्याला मी चाल म्हणते. गाण्याची चाल, आणि चालण्याची पण. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक हातात आलं तर बघ, पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याची ओळ छापलेली असते. लाज नाही, लपवाछपवी नाही, अमुक गाण्याच्या चालीवर मी माझे शब्द बसवलेत असं सरळ कबूल. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, जन्म 1843 चा. 1880 साली पुण्यात त्यांचं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं तेव्हा त्यातल्या पदांमागं कीर्तनातले साकी, दिंडी असले छंद होते, कानडी मुलखातल्या चाली होत्या. ज्याला आज आपण अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणून छाती फुगवतो ते उसन्या चालींवर उभं राहिलंय.

दुसरा माणूस सुळेभावीचा. बेळगावातून अर्ध्या तासाच्या आत पोचशील. तिथं 1924 साली शिवपुत्र कोमकलीमठ जन्मला, म्हणजे कुमार गंधर्व. लहानपणी हा पोरगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच गाऊन दाखवायचा, लोक तोंडात बोटं घालायचे. म्हणजे नक्कल त्याला जन्मतःच येत होती. पुढं क्षयरोग झाला, हवेसाठी म्हणून देवासला जाऊन राहावं लागलं, गाणं बंद, काही वर्षं नुसतं पडून राहायचं. त्या काळात बाहेरून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर यायची. ती त्यांनी ऐकली, लिहून काढली, त्यांच्यात कुठला राग दडलाय ते शोधलं, आणि बरे झाल्यावर त्या लोकधुनांतून नवे राग उभे केले, त्यांना धुनउगम राग म्हणतात. ह्यात दोन गोष्टी ध्यानात घे. एक, माळवी ही त्यांची भाषा नव्हती. दोन, ते ऐकणं वर्षांचं होतं. तू म्हणशील मी कालच पन्नास गाण्यांची प्लेलिस्ट ऐकली. ती ऐकली नाहीस, ती तुझ्या अंगावरून गेली.

म्हणून कसं ऐकायचं ते सांगते. एका महिन्यात एकच गीतकार. गायक नव्हे, गीतकार, ज्यानं शब्द लिहिले तो. (नाव शोधायला त्रास होतो, अॅपवर बहुतेक गायकाचंच नाव असतं, तेवढी खटपट कर.) त्याची आठ-दहा गाणी, परत परत, शक्यतो चालताना. पहिला आठवडा अर्थ विचारू नको कुणाला. जे कळलंय वाटतं ते वहीत लिही, चुकीचं असलं तरी, माझा कोळी अशानंच सापडला. मग जाणकाराला गाठून अर्थ घे. मग त्या चालीवर आपले शब्द बसव, कसलेही, बाजाराच्या यादीचे चालतील, सिनेमावाले डमी म्हणतात तसले. हे करताना कळतं की अरे हा माणूस क्रियापद शेवटी आणतच नाही, किंवा प्रत्येक तिसऱ्या ओळीत ह्याला एक वस्तू लागतेय, विळी, कंदील, काहीतरी. आणि मग चाल फेकून दे, गाणं बंद कर आणि गद्य लिही. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि मग कथेत कविता घुसडतात.

एक उदाहरण करून दाखवते, नाहीतर हवेत बोलतेय वाटेल. आपला मोठा अभंग घे. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात यमक. "सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया", मोज बोटावर. तीन तुकडे बरोबरीनं चालतात आणि चौथा दोन अक्षरं कमी पडतो, तिथं टाळ वाजायला जागा उरते. आता ह्यात मी बसस्टॉप घातला:

लाल गाडी आली
धुरळा उडाला
थांबाच बुडाला
माणसांत

काव्य म्हणून फार काही नाही, खरं चाल धरली. आता हेच गद्यात: "गाडी आली तसा धुरळा उडाला. जिथं थांबा होता तिथं नुसती डोकी दिसायला लागली. कंडक्टरनं दार ओढलं आणि दोनदा घंटी मारली. मी खालीच." बघ, तीन वाक्यं एका मापाची आणि चौथं अर्ध्यात सोडलेलं. यमक गेलं, अक्षरं मोजायचं गेलं, खरं शेवटची ती मोकळी जागा राहिली. वाचणारा तिथं थांबतो, का थांबतो ते त्याला कळत नाही. वर्गात पोरांना मी असंच शिकवायची, त्यातली दोन-चार पोरं अजून लिहितात.

असंच "भाग्यदा लक्ष्मी बारम्मा". भीमसेनजींच्या आवाजात मराठी घरांत पण वाजतं, शब्द कानडी संतकवी पुरंदरदासांचे. त्यात लक्ष्मी येते ती 'हेज्जेय मेले हेज्जे', पावलावर पाऊल ठेवत, पैंजण वाजवत. आता तो शब्दच दोनदा आलाय, हेज्जे, हेज्जे, म्हणजे ओळच चालते, लक्ष्मी येण्याचं वर्णन नाही करत, ओळ येते. तुझ्या कथेत कुणी जिना चढत असेल तर 'ती हळूहळू जिना चढली' लिहिण्याआधी हे गाणं चार वेळा ऐक.

आता ओव्या, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. आपल्या बेळगावच्या इंदिरा संत, एवढ्या मोठ्या कवयित्री, त्यांनी जात्यावरच्या बायकांच्या ओव्या कान देऊन ऐकल्या, 'मालनगाथा' नावानं त्यावर लिहिलं. म्हणजे छापील कविता लिहिणारी बाई निरक्षर बायकांना आपल्या आधीच्या कवयित्री म्हणून वाचते, ही गोष्टच मला फार मोठी वाटते. मी ते वाचलं आणि लाज वाटली, कारण आमच्या घरी चुलत सासूबाई दळताना गायच्या आणि मी कानात बोटं घालून पेपर तपासायची. मग एकदा अक्काच्या आईकडं गेले, त्या बीसुकल्लाची पदं म्हणायच्या, म्हणजे जात्यावरचीच, कानडीत. तिथं त्रिपदी, तीन ओळींचा छंद. इथं आपली साडेतीन चरणांची ओवी. दोन्हींत जातं तेच, माहेर तेच, भाऊ न्यायला येत नाही ते दुःख पण तेच. खरं एक वेगळं होतं. चुलत सासूबाई दर ओवीत कुणाला तरी हाक मारायच्या, गं बाई, माझ्या बंधू, अशी. अक्काची आई हाक न मारता सरळ वस्तूच पुढं करायची, बांगडी, ओचा, चूल, आणि तिसऱ्या ओळीत त्या वस्तूला काहीतरी व्हायचं. सगळ्या कानडी पदांत असं असतं असं मी म्हणत नाही, त्या म्हातारीचं तसं होतं. पुढं वर्षभर माझ्या कथांत कुणी रडलं नाही, भांडी पडली. तुला जवळ कोण म्हातारी नाही मिळाली तर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ ह्यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, 'पारी' नावाच्या वेबसाइटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या आवाजात, फुकट.

इथं कुणीतरी म्हणणारच, की कानडी ऐकून मराठी बिघडेल. बोर्डावर कुठली भाषा वर पाहिजे हे भांडण मला ठाऊक आहे, मराठी शाळेत नोकरी केल्यावर त्याच्या झळा कुणाला चुकल्यात? त्यात माझी बाजू आहे आणि ती मी सोडलेली नाही, खरं तो विषय वेगळा. धारवाडचे द. रा. बेंद्रे, घरची भाषा मराठी, आणि कानडीतले एवढे मोठे कवी झाले की 'नाकु तंती'साठी 1973 चं ज्ञानपीठ मिळालं. नाकु तंती म्हणजे चार तारा. मराठी घरात वाढलेल्या ह्या माणसानं धारवाडच्या बाजारातली, परड्यातली कानडी उचलली आणि लोकगीताच्या चालीत लिहिली. आणि आपले ज्ञानोबा? "कानडा वो विठ्ठलु करनाटकु, येणे मज लावियेला वेधु." वेध लावला म्हणतात, बिघडवलं म्हणत नाहीत.

चुका पण सांगते, फुकट शहाणपण नको. चाल धरायच्या नादात मी एकदा एका भावगीतकाराच्या इतकी आहारी गेले की दोन वर्षं प्रत्येक कथेत चांदणं, पैलतीर आणि हुरहूर. एका संपादकांनी कथा परत पाठवली आणि वर पेन्सिलीनं लिहिलं, "ह्यात तुम्ही कुठं आहात?" चार दिवस जेवण गेलं नाही. त्यांचं बरोबर होतं. मी चाल घेतली नव्हती, शब्द घेतले होते. ओळखायचं कसं? तुझ्या लिखाणात त्या गीतकाराचा आवडता शब्द तीनदा आला तर तू चोरलंयस, त्याचं वाक्य वळवायचं कसब आलं आणि शब्द सगळे निपाणीचे असले तर शिकलीस.

दुसरी चूक, लिहिताना गाणी लावणं. मराठी शब्दांचं गाणं चालू ठेवून मराठी लिहायला जाऊ नकोस, त्याचे शब्द तुझ्या वाक्यात शिरतात, मी एकदा पेपर तपासताना पोराच्या निबंधावर गाण्याची ओळ लिहिलीय. नुसतं वाद्य चालतं. मला मागाचा आवाज सगळ्यात बरा पडायचा, आता गल्लीत माग कमी झालेत.

तिसरं, कायद्याचं, झटकन सांगते. कथेत कुणाच्या गाण्याची ओळ जशीच्या तशी घालणार असशील तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क राहतो. शरीफ, पुरंदरदास, मुक्ताबाई ह्यांची मूळ पदं मोकळी. बेंद्रे 1981 ला गेले, म्हणजे 2041 संपेपर्यंत विचारल्याशिवाय नाही. चालीवर आपले शब्द लिहून वहीत ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही, स्टेजवर म्हणायला लागू शकते.

नवीन कुठून शोधायचं? अॅप तुला काल आवडलेल्याच्या भावकीतलंच दाखवणार, त्यामुळं माणसांना विचार. मला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर, पौर्णिमेला, चौंडकं वाजवत जाणारा जोगत्यांचा घोळका भेटला होता, एक पद कानडीत, एक मराठीत, मध्ये दोन्हींत 'उधो उधो', भाषा बदलली तरी चौंडक्याचा ठोका हलत नव्हता. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाणारा गाडीवाला कोकणी लावतो, त्याला गीतकाराचं नाव विचार. माझ्या नातवानं रॅप ऐकवलं. अर्धं कळलं नाही, खरं एका श्वासात किती शब्द मावतात ते मोजत बसले आणि त्याच आठवड्यात भांडणाचा एक प्रसंग लिहिला, अर्धं पान एकच वाक्य. बॉब डिलनला 2016 ला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा आमच्या वाचनालयात गाणं म्हणजे साहित्य का ह्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. मला त्या वादात रस नव्हता, तुकारामाच्या भाषेत हा प्रश्न पडतोच कसा.

आता तुझी आज्जी. तू म्हणतेस ती आहे अजून. मग आधी अॅप बंद कर. बिड्या वळताना ती काहीतरी गुणगुणत असणार, देवाचं, सिनेमाचं, नाहीतर नुसता हूं हूं. तू विचारलंस तर म्हणेल, "मला कुठलं गाणं येतंय, जा तिकडं." तेव्हा उठू नको. सुपात थोडी पानं घे, कात्री घे, शेजारी बस आणि तिच्यासारखी पानं कापायला लाग, वाकडी कापशील, ती शिव्या घालेल, त्या पण ऐक, त्यांना पण चाल असते. बिडीला दोरा गुंडाळून तोंड मुडपेपर्यंत तिचा हात किती वेळ घेतोय आणि त्यात किती शब्द बसतात ते बघ, तुझ्या कथेतली वाक्यं तेवढ्याच लांबीची करून बघ. पहिले दोन दिवस वही नेऊ नको. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करणार असशील तर आधी तिला सांग.